वाचनालयाच्या जुन्या फायली आणि कूलर लावायचा रविवार

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळला की नाही ते तुम्हाला पाहता येईल. नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या वाचनालयात एक स्टीलची आलमारी आहे. तिच्यात साठ-सत्तर सीडी, दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, मूठभर पेनड्राइव्ह आणि व्याख्यानमालेच्या चाळीसेक कॅसेट आहेत. टेबलाखाली एक जुना संगणक आहे, त्यात १९९७ ते २००९ चे वार्षिकांक पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत. इतिवृत्ताच्या वह्या मध्यंतरी कुणीतरी स्कॅन केल्या. अध्यक्ष म्हणतात, एक चांगली डिस्क घ्या, सगळं तिच्यात भरा, बँकेच्या लॉकरमध्ये टाका आणि पन्नास वर्षं निश्चिंत राहा. तुमच्या हाती पंधरा हजार रुपये आहेत आणि तुम्हाला त्या डिस्कचं नाव हवं आहे.

नाव सांगत नाही, कारण तशी डिस्क कुणी बनवत नाही. डिस्कच्या खोक्यावर दोन, तीन, फार तर पाच वर्षांची वॉरंटी लिहिलेली असते. बनवणाराच त्याच्या पुढची हमी घेत नाही, तर मी कुठून घेऊ? आणि लॉकरचं म्हणाल तर डिस्क आत बिघडली हे कळायला कुणीतरी लॉकर उघडून ती संगणकाला लावून पाहावी लागते. सोनं लॉकरमध्ये ठेवून विसरलं तरी चालतं. डिस्कचं तसं नाही.

अध्यक्षांचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पिढीने कागद सांभाळला. कोरड्या जागी ठेवलेली, वाळवीपासून वाचलेली वही चाळीस वर्षांनी उघडली तरी वाचता येते. त्यामुळे ‘नीट ठेवणं’ म्हणजे ‘हात न लावणं’ असं डोक्यात बसलेलं आहे. संगणकाच्या फायलीला नेमकं तेच मारक ठरतं.

मी १९९४ साली सीताबर्डीच्या एका गल्लीत डीटीपी ऑपरेटर म्हणून, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं जुळवणारा म्हणून लागलो. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं केलं. आता जुने कागद स्कॅन करणं आणि जुन्या फायली नव्या रूपात आणून देणं हे माझं काम आहे. म्हणजे तेव्हा आम्ही जे घोळ घालून ठेवले तेच आता निस्तरतो आहे, असंही म्हणता येईल.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक पहिल्यावरच थांबतात. पहिला, फाईल जशीच्या तशी शाबूत आहे का. दुसरा, शाबूत असली तरी ती वाचता येईल का. आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण आहे. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं जुनं नंदिवर्धन. त्या राजघराण्याचे ताम्रपट दीड हजार वर्षं कुणी न सांभाळता टिकले. पण डोक्यावर चौकोनी पेट्या असलेली ती अक्षरं वाचणार कोण? महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून त्या लेखांवर वर्षानुवर्षं काम केलं, म्हणून त्यात कुणाला कोणतं गाव दान दिलं ते आज आपल्याला कळतं. तांबं टिकलं आणि लिपी जाणणारा माणूसही भेटला, तेव्हा कुठे ती नोंद वाचली गेली. तुमच्या आलमारीत तांबंही कच्चं आहे आणि लिपीही अडचणीची आहे.

आधी तांब्याचं बघू. त्यातही सीडी आधी, कारण तुमच्याकडे सगळ्यात जास्त घाई त्यांची आहे. एक सीडी घ्या आणि ट्यूबलाइटसमोर धरा. चंदेरी थरात सुईच्या टोकाएवढी उजेडाची भोकं दिसली, किंवा कडेकडून रंग उडालेला दिसला, तर त्या सीडीला आज, उद्या नाही, कॉपी करायला बसा. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि वरचा चंदेरी थर लेबलच्या बाजूच्या पातळ वार्निशखाली असतो. म्हणून खालच्या बाजूचा ओरखडा एक वेळ चालतो, पण वरून बॉलपेनने दाबून लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं की चंदेरी पापुद्रा लेबलबरोबर निघून येतो. एका संस्थेच्या गठ्ठ्यात मी हे पाहिलंय. कुणीतरी फार प्रेमाने प्रत्येक सीडीवर गोल स्टिकर लावले होते, सुवाच्य अक्षरांत. स्टिकर शाबूत होते, सीडी नव्हत्या. त्यात ती आलमारी कूलरच्या अगदी समोर. आपला नागपुरी डेझर्ट कूलर एप्रिल ते जून खोलीत ओलसर वारा फेकत असतो, माणसाला बरं वाटतं, पण सीडी, कॅसेट आणि जुने फोटो यांना त्या ओलाव्याने बुरशी धरते.

सीडी वाचताना अडकली तर लगेच मेली म्हणू नका. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा; एक ड्राइव्ह जी वाचत नाही ती दुसरा मुकाट वाचतो, असं अनेकदा होतं. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा लिहून ठेवतं आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतं. सीडी संगणकात घालून एक्सप्लोररमधून ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पेनड्राइव्हवर काहीही कायमचं ठेवू नका. पेनड्राइव्ह आणि एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) यांच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठते आणि वीज नसताना तो भार हळूहळू झिरपतो. जितकी उष्णता जास्त, तितकं झिरपणं जास्त. जेडेक नावाच्या संस्थेचं एसएसडीसाठी मानक आहे. त्यानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने, तिचं लिहिण्याचं आयुष्य संपत आलं असताना, ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. तीस अंश! आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छताखालच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी आलमारीत किती असतं ते तुम्हीच हात लावून बघा. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त टिकेल हे खरं, पण नोंदी पडून राहायला ही जागा नाही. पडून राहायचं असेल तर चकती फिरणारी साधी हार्ड डिस्क बरी. तीही अमर नाही. वर्षातून एकदा-दोनदा चालवावी लागते आणि पाचेक वर्षांनी बदलावी लागते.

आता लिपीकडे येतो. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी संस्थांचं खरं नुकसान इथे होतं आणि डिस्क विकणारा कुणी याबद्दल बोलत नाही.

तुमचे वार्षिकांक ज्या काळात बनले त्या काळी आम्ही सगळे डीटीपीवाले श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या सॉफ्टवेअरवर काम करायचो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारं जागतिक मानक. त्यात देवनागरीला जागा १९९१ पासून होती, पण पेजमेकरला त्याचा पत्ता नव्हता. मग युक्ती अशी होती की संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवतोय, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे दाखवायचा. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा ‘क’ वेगळा. म्हणजे तुमच्या फायलीत ‘वाचनालय’ हा शब्द नाहीच. त्यात आहे इंग्रजी मुळाक्षरांची, डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली एक रांग. ती विशिष्ट फॉन्ट घातला तरच ‘वाचनालय’ दिसते. फॉन्ट गेला की उरते ती रांग. शिवाय प्रत्येक कंपनीची रांग वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही कधी कधी वेगळी.

त्यात ही सॉफ्टवेअर बऱ्याचदा डोंगलवर चालायची. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खोबणीत एक लहानसा ठोकळा खोचलेला असायचा. तो काढला की मराठी बंद. नव्या संगणकाला ती खोबणही नसते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. इनडिझाइन हे त्याचं पुढचं भावंड काही काळ पेजमेकरच्या सहाव्या आवृत्तीपासूनच्या फायली उघडायचं, पण त्याच्या सीएस ६ या आवृत्तीनंतर ती सोयही बंद झाली. म्हणजे तुमच्या टेबलाखालचा तो धूळ खाणारा संगणक ही आज तुमच्या संस्थेतली बहुधा एकमेव जागा आहे जिथे ते अंक जसे छापले तसे उघडतात. तो भंगारात देण्याचा ठराव कार्यकारिणीने केला असेल तर आधी तो थांबवा.

त्या संगणकावर करायचं काम असं. प्रत्येक अंक उघडायचा आणि त्याची पीडीएफ काढायची. पीडीएफची सोय त्यात नसेल तर ‘प्रिंट’ मध्ये जाऊन कागदाऐवजी पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या फाईलमध्ये छापायचं, फॉन्ट आत घालण्याचा पर्याय निवडून. ती फाईल दुसऱ्या संगणकावर नेऊन घोस्टस्क्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरने पीडीएफ होते. शक्यतो पीडीएफ-ए करा. जतनासाठीच ठरवलेला हा प्रकार आहे, २००५ पासून त्याला आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात फॉन्ट फायलीच्या पोटातच ठेवणं सक्तीचं असतं. एवढं झालं की पान दिसणं वाचलं. पेजमेकरची मूळ फाईल आणि फॉन्टच्या फायलीही सोबत ठेवा, टाकू नका.

पण दिसणं वाचलं म्हणजे मजकूर वाचला असं नाही. त्या पीडीएफमधून एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. तीच टोप्या-टिंबांची रांग येईल. शोधता येणार नाही, पुन्हा वापरता येणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे फॉन्ट कन्व्हर्टर, दुसरी म्हणजे पानाचं चित्र देऊन संगणकाकडून अक्षरं ओळखून घेणं, म्हणजे ओसीआर. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. फॉन्ट कोणता हे पक्कं माहीत असेल तर मी कन्व्हर्टर वापरतो, नसेल तर ओसीआर. दोन्हींनंतर मराठी येणाऱ्या माणसाने मुद्रितशोधन करावंच लागतं.

कन्व्हर्टर कुठे चुकतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तपासता येईल. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असत. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून आधी टाईप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार डोक्यावर, उजवीकडे दिसतो म्हणून नंतर टाईप व्हायचा. युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. कन्व्हर्टरला ही अदलाबदल जमली नाही की ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो आणि ‘वर्ष’चं ‘वषर्’. म्हणून माझी एक ठरलेली यादी आहे. वर्ष, कार्यक्रम, विद्यार्थी, किल्ला, ज्ञानेश्वर, कृष्ण, दुसऱ्या, तऱ्हा, ॲडव्होकेट. एवढे शब्द रूपांतरित मजकुरात शोधून पाहायचे. ‘विद्यार्थी’ सरळ आला तर निम्मं काम झालं, कारण त्यात वेलांटी, जोडाक्षर, रफार सगळं एकत्र आहे. ‘दुसऱ्या’ मधल्या त्या चंद्रकोरीसारख्या ‘ऱ’ ला हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर हमखास मार खातात.

एका विश्वस्त संस्थेचं असंच काम करताना फॉन्टचं नावच सापडेना. शेवटी त्यांच्यासाठी वीस वर्षांपूर्वी टाईप करणारे ऑपरेटरकाका शोधून काढले. निवृत्त होऊन गोधनी रोडला राहत होते. त्यांना घरी जाऊन ती टोप्या-टिंबांची छापील रांग दाखवली. चष्मा लावून एक मिनिट बघितलं आणि म्हणाले, “हे तर ‘सालाबादप्रमाणे’ आहे जी.” फॉन्टही त्यांनीच सांगितला. तुमच्याकडे तेव्हा अंक कोण टाईप करायचं ते अजून आठवणारी माणसं असतील, तर ते नाव आजच लिहून ठेवा.

आता प्रती किती आणि कुठे. आमच्या कामात साधा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. ‘दुसऱ्या ठिकाणी’ चा अर्थ दुसरा टेबल नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरात, गणपती बसलेले असताना, २२ च्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि २३ च्या पहाटे नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या भागातल्या एका संस्थेचा संगणक तळमजल्यावर होता आणि त्याची बॅकअप डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. त्यांनी नियमाने बॅकअप घेतला होता हो, दर महिन्याला. दोन्ही एकाच पाण्यात गेले. तुमच्यासाठी मी असं करीन: एक डिस्क वाचनालयात, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. दुसरी एखाद्या सभासदाच्या घरी, नदी-नाल्याच्या काठावर नसलेल्या वस्तीत. तिसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे शहराबाहेर. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या नकोत. कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या असल्या तर एकदम जायचीही शक्यता असते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पावसाळ्यात त्या बदला किंवा पुन्हा तापवून घ्या.

बँकेचा लॉकर हवाच असेल तर ती चौथी प्रत समजा.

क्लाउडबद्दल एक इशारा. खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. बहुतेक संस्थांत ते एखाद्या उत्साही तरुणाच्या खासगी जीमेलवर असतं, तो पुण्याला नोकरीला जातो, पासवर्ड परत मिळवायचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो आणि त्याने नंबर बदललेला असतो. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं खासगी खातं ते आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकतात. २०२३ च्या डिसेंबरपासून ती कारवाई सुरू झाली. तेव्हा खातं संस्थेच्या नावाने, मोबाइल नंबर संस्थेचा, आणि पासवर्ड बंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे. फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा करू नका, ते आकसून येतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रती केल्या की त्या सारख्या आहेत हे कसं कळणार? इथे मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे. २०१३ साली एका संस्थेचे जुने फोटो मी एका डिस्कवरून दुसरीवर नेले. पहिली डिस्क आतून खराब व्हायला लागली होती, मला पत्ता नव्हता. कॉपी ‘यशस्वी’ झाली, मी जुन्या चांगल्या प्रतीवर ही नवी प्रत चढवली आणि निवांत झालो. वर्षभराने त्यांनी एका स्मरणिकेसाठी फोटो उघडले तर दीडेकशे फोटो अर्धे ठीक आणि खाली नुसता राखाडी पट्टा. चांगली प्रत मीच पुसली होती. ती मंडळी भली होती, पैसे परत मागितले नाहीत. मीच दिले.

त्यानंतर मी हॅशशिवाय एकही फाईल हलवत नाही. हॅश म्हणजे फायलीचा अंगठा समजा. शा-२५६ या पद्धतीने कोणत्याही फायलीचा, मग ती एका ओळीची असो की तासाभराच्या चित्रफितीची, चौसष्ट अक्षरांचा एक ठसा निघतो. फायलीत एक टिंब बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, तिने हा निघतो. एका दमात सगळ्या फोल्डरचे ठसे काढणारी फुकट साधनंही आहेत. आज सगळ्यांचे ठसे काढून यादी ठेवायची, पुढच्या वर्षी पुन्हा काढून ताडून पाहायचे. जुळले नाहीत तर ती फाईल दुसऱ्या प्रतीवरून आणायची. आणि नवी प्रत जुन्या प्रतीवर चढवायची नाही, शेजारी ठेवायची. जुनी नंतर काढायची.

या ठशाला आता कायद्यातही जागा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात फायलीचा हॅश लिहायची जागा आहे. वाचनालयाच्या जागेचा किंवा विश्वस्तांचा वाद उद्या निघाला तर इतिवृत्तं लागतील. म्हणूनच स्कॅन झालं म्हणून इतिवृत्ताच्या मूळ वह्या रद्दीत देऊ नका. सह्या शाईच्या आहेत. स्कॅन ही सोय आहे, बदली नव्हे. तुमच्या संस्थेला कोणते कागद किती वर्षं ठेवणं बंधनकारक आहे हे मात्र तुमच्या लेखापरीक्षकांना विचारा. ते नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे आणि अनुदान कुठून येतं यावर ठरतं.

जागा किती लागेल याची धास्ती घेऊ नका. ए-फोर पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत, टिफ या न आकसलेल्या चित्राच्या फायलीत साधारण २६ एमबी होतं. तीन हजार पानं धरली तर ७८ जीबी. कॅसेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह या ध्वनीच्या फायलीत तासाला एक जीबीच्या आसपास. चाळीस तासांची चाळीस जीबी. बुरशी दिसणारी कॅसेट डेकमध्ये घालून चालवू नका, डेकही घाण होईल आणि फीतही तुटेल. ती जाणकाराकडे द्या. फोटो धरले तरी एक टीबीच्या डिस्कमध्ये सगळं आरामात बसतं. दोन डिस्क, बाहेरून जोडायचा एक सीडी ड्राइव्ह, डबे आणि क्लाउडचं वर्षाचं भाडं पंधरा हजारांत बसवता यावं; भाव सारखे हलतात, विचारून घ्या. थोडे पैसे उरले तर युनिकोडमध्ये आलेल्या अंकांच्या दोन-दोन छापील प्रती चांगल्या कागदावर काढून एक तुमच्याकडे आणि एक एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला द्या. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून उभा आहे. अशा घरात गेलेला कागद तुमच्या-माझ्या डिस्कपेक्षा जास्त जगेल.

सगळ्यात स्वस्त आणि सीडींइतकंच तातडीचं काम मी आतापर्यंत सांगितलेलंच नाही. तुमच्या फोटोंच्या नावांत कॅमेऱ्याने दिलेले आकडे असतील. फोटो शंभर वर्षं टिकला आणि त्यातले लोक कोण हे कुणाला माहीत नसलं, तर काय राहिलं? वाचनालयाचे सगळ्यात जुने चार सभासद बोलवा, चहा-चिवडा ठेवा, मोठ्या पडद्यावर फोटो एकेक करून दाखवा आणि कुणीतरी शेजारी बसून लिहा: साल, प्रसंग, डावीकडून नावं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्डही करा. असं एकदा बसलो होतो तेव्हा एक आजोबा एका फोटोवर थांबले आणि म्हणाले, हा खांबामागे अर्धा दिसतोय ना, वर्गणी गोळा करायला सायकलवर इतवारीची बाजारपेठ पालथी घालायचा. त्या माणसाचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. फायलींच्या नावात आधी साल, महिना, दिवस, मग प्रसंग ठेवा. मग त्या आपोआप क्रमाने लागतात. आणि एक साधी ‘आधी हे वाचा’ फाईल प्रत्येक डिस्कच्या तोंडाशी ठेवा, कुठे काय आहे, कोणता फॉन्ट, ठशांची यादी कुठे.

क्रम लावायचा तर माझ्या मते असा: या आठवड्यात सीडी आणि पेनड्राइव्ह उतरवून घ्या, या महिन्यात म्हाताऱ्या माणसांची बैठक आणि जुन्या संगणकावरून पीडीएफ, मग कॅसेट. युनिकोडचं रूपांतर सावकाश, वर्ष लागलं तरी चालेल. पीडीएफ हाती आल्यावर ती घाई उरत नाही. हा क्रम मनुष्यबळावर अवलंबून आहे. तुम्ही एकट्याच असाल तर कॅसेट बाहेर द्या आणि फोटोंची बैठक सोडू नका.

आणि दर वर्षी कुणीतरी हे बघायला हवं. त्यासाठी मी माझ्या ग्राहकांना एकच दिवस सांगतो, कूलर लावायचा रविवार. मार्चच्या सुरुवातीला आपण कूलर पुसतो, नव्या ताट्या भरतो, मोटर चालते का बघतो. तेव्हा आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. त्याच दिवशी दोन्ही डिस्क संगणकाला लावायच्या, ठसे ताडायचे, प्रत्येक प्रकारची एखाद-दुसरी फाईल उघडून खरंच दिसते का पाहायची, क्लाउडच्या खात्यात शिरून यायचं, आणि उन्हाळ्याआधी डबे थंड खोलीत हलवायचे. दुपारपर्यंत होतं. कुणी केलं, काय सापडलं, ते इतिवृत्ताच्या वहीत दोन ओळी, तारखेसह. अध्यक्षांना पन्नास वर्षांचं काही हवंच असेल तर कार्यकारिणीत हा ठराव मांडा आणि अंदाजपत्रकात ‘डिस्क बदल’ असं खर्चाचं शीर्ष उघडा, दर पाच वर्षांनी. पदाधिकारी बदलले तरी ठराव आणि शीर्ष राहतात, हा माझा अनुभव आहे.

तोपर्यंत एक काम करा. तो जुना संगणक चालू होत असेल तर कंट्रोल पॅनेलमधला फॉन्टचा फोल्डर उघडा आणि पडद्याचा मोबाइलने स्वच्छ फोटो काढून मला पाठवा, सगळी नावं वाचता येतील असा. नावांवरून बहुतेक सांगता येईल कोणत्या सॉफ्टवेअरची लिपी आहे ते. मागे प्रिंटरच्या खोबणीत एखादा ठोकळा खोचलेला दिसला तर झाडलोट करताना तो कुणी काढू नये म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवा. आणि संगणक एकदा सुरू झालाच तर पहिला अंक १९९७ चाच उघडा. त्याची पीडीएफ निघेपर्यंत तो बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही.